धायरी ते खडकी, मार्गे वॉटर पंप

माझ्या ओळखीतली माणसं हल्ली व्हिएतनामला जातात, बाकूला जातात आणि परत आल्यावर महिनाभर तिथल्या स्वच्छतेबद्दल बोलतात. मी गेल्या एप्रिलात धायरीहून खडकीला निघाले होते. पुण्यातल्या पुण्यात, मध्ये ना घाट ना समुद्र, आणि तरी आम्ही खडकीला पोहोचलोच नाही. हा प्रवास कुणी मुद्दाम करायला जाणार नाही, म्हणूनच त्याचं वर्णन लिहून ठेवते आहे.

धायरी

शांतामावशी त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने नागपूरला कायमची चालली होती. मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. दोघी वर्ध्याकडच्या. दोघींचे नवरे खडकीच्या कारखान्यात होते, त्यामुळे लग्नानंतर दोघींचे संसार एकाच क्वार्टरच्या ओळीत झाले. पुढे आम्ही धायरीला फ्लॅट घेतला आणि मावशी खडकीतच राहिली. आता तिच्या मुलाची, मनोजची, नागपूरला बदली झाली होती आणि तो तिला घेऊन चालला होता. दोघी बहिणी ऐंशीच्या पुढच्या. मावशी आता पुण्याला परत येणार नव्हती आणि आई नागपूरला जाऊ शकणार नव्हती. हे कुणी बोलत नव्हतं, पण कळत सगळ्यांनाच होतं.

पंचाईत अशी की दोघींचं बोलणं बंद होतं. आईला अर्धांगाचा झटका आला तेव्हा मावशी बघायला आली होती. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून, चार शेजारणींच्या देखत म्हणाली, "सुमे, आता तुझं काही खरं नाही बाप्पा." आईने भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर आईचा डावा हात-पाय तसाच लुळा राहिला, जीभ मात्र पहिल्यासारखी चालू झाली, पण मावशीशी तिने ती वापरली नाही. मावशीलाही आपलं काही चुकलं असं वाटलं नसावं. जे दिसलं ते बोलले, असा तिचा आयुष्यभराचा खाक्या.

त्या सकाळी मी गृहीत धरलं होतं की आई जाणार नाही. तर ती आंघोळ करून, जांभळी इरकल नेसून व्हीलचेअरमध्ये तयार.

"माया, गाडी काढ. खडकीले जाऊ."

"मावशीला भेटायला?"

"भेटायले कायले? मले तिच्या तोंडावर काही बोलायचं आहे."

काय बोलायचं आहे ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. निरोप द्यायला नेते आहे की भांडायला, हे कळत नव्हतं. पण नाही नेलं तर ती मला कधीही माफ करणार नाही, आणि मी स्वतःलाही नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

गाडीच का, रिक्षा का नाही, असं कुणीही विचारेल. आईचा डावा गुडघा वाकत नाही. एकदा भाड्याच्या गाडीत बसवताना ती माझ्या हातून निसटून रस्त्यावर पडली, तेव्हापासून परक्या गाडीला ती हात लावत नाही. आमच्या जुन्या लाल गाडीची पुढची सीट मी एका वेल्डरकडून बदलून घेतली आहे. ती दाराकडे वळते आणि बाहेर सरकते. आई व्हीलचेअरवरून तिच्यावर सरकते आणि आम्ही तिला सीटसकट आत ढकलतो. जगात आईला बसता येईल अशी ही एकच गाडी आहे.

आणि या एकमेव गाडीचा वॉटर पंप गेलेला होता. इंजिनातलं पाणी फिरतं ठेवणारा हा पंप. तो थांबला की इंजिन उकळतं. आमच्या कोपऱ्यावरच्या मेस्त्रीने आठवडाभर आधीच सांगितलं होतं, बेअरिंग वाजतंय, पाणी ठिबकतंय, बदलून टाका. रविवारी बदलायचं ठरलं होतं. मावशीची गाडी होती शुक्रवारी. मी डिकीत पाण्याच्या बाटल्या भरल्या, व्हीलचेअर घडी करून टाकली आणि निघाले. मेस्त्रीच्या दुकानासमोरून जाताना मी मान दुसरीकडे वळवली.

सिंहगड रस्ता

सिंहगड रस्त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. तिथे निसर्ग बघायला वेळ भरपूर मिळतो, निसर्ग मात्र नाही. गाडी चालत होती तोवर पंप नुसता कण्हत होता. राजाराम पुलाच्या अलीकडे सगळं ठप्प झालं आणि पंप किंचाळायला लागला.

"गाडी कायले रडून राहिली?" आईने विचारलं.

"रडत नाही. पट्टा वाजतोय."

"मले शिकवू नको. रडूनच राहिली आहे."

तापमानाचा काटा मधल्या रेघेवरून हलला. काचा खाली, पंखा बंद, मी नुसती काट्याकडे बघत होते. पुढचा बसवाला उतरून तंबाखू मळत होता. काटा अजून वर गेला. मला दरदरून घाम फुटला आणि तो उन्हामुळे नव्हता. दांडेकर पूल कसाबसा ओलांडला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. गाडी कडेला घेऊन बंद केली. मागून सगळ्या पुण्याने हॉर्न वाजवला. एक गृहस्थ स्कूटर थांबवून म्हणाले, "गाडी जुनी झाली की घरी ठेवायची असते," आणि पुढे गेले. बहुधा तेवढ्यासाठीच थांबले होते.

मदतीला आला तो रिकामे क्रेट घेऊन चाललेला एक टेम्पोवाला. त्याने वाफ पाहिली, आईला पाहिलं, आणि म्हणाला, "ताई, मार्केट यार्डाला चला. आमचा फिटर हाय तिथं. दोरी हाय माज्याकडं." ती दोरी कांद्याची पोती बांधायची. इंजिन बंद असलं की ब्रेक दगडासारखा कडक होतो. स्वारगेटच्या चौकात टेम्पो अचानक थांबला, मी दोन्ही पायांनी ब्रेकवर उभी राहिले आणि आमचं नाक त्याच्या क्रेटांपासून वीतभर अंतरावर थांबलं. आईने उजव्या हाताने डॅशबोर्ड धरला होता.  तिने काहीतरी बोलायला हवं होतं, मला बरं वाटलं असतं.

मार्केट यार्ड

टेम्पोवाल्याचा फिटर म्हणजे दत्ता. पत्र्याच्या शेडमध्ये तो टेम्पो दुरुस्त करायचा आणि कारला हात लावायला त्याला कमीपणा वाटायचा. बॉनेट उघडून त्याने पुली धरून हलवली. ती कवळीसारखी हलली.

"संपलाय. आज न्हाई जमायचं."

मी त्याला सगळं सांगितलं. बहिणी, नागपूर, संध्याकाळची गाडी.  दत्ताने आईकडे बघितलं.

"काम घंट्या-दीड घंट्याचं हाय. पर पंप न्हाई माज्याकडं. नाना पेठंतनं आणावा लागंल, आन् नमुना दावल्याशिवाय तितं कुणी इचारत न्हाई. नमुना म्हंजी हा जुना पंप. त्यो काढला की गाडी इतनं हालत न्हाई. नवा घावला तर ठीक. न्हाई घावला तर आज्जी हितंच. आन् न काढता पाणी वतत वतत गेला, तर निम्म्या वाटंत इंजान जाम. सांगा काय करू."

मनोजला फोन केला. तो म्हणाला, ऊन उतरायच्या आत आम्ही घर सोडणार, आईला चढवायला वेळ लागतो. मागे मावशीचा आवाज ऐकू आला, "कोणाचा फोन आहे रे?" मी घाईने ठेवून दिला. आई येते आहे हे तिला सांगायचं की नाही, हेही आमचं ठरलं नव्हतं.

मी निर्णय घेऊ शकत नव्हते. आईच म्हणाली, "उघड म्हण त्याले."

आईची सीट आम्ही दाराबाहेर वळवून शेडच्या सावलीत आणली आणि दत्ताने पहिला बोल्ट सैल केला. गाडीतलं पाणी गंजाच्या रंगाचं, भळभळ जमिनीवर आलं.  आता मागे फिरणं नव्हतं.

शेजारी कोथिंबिरीच्या जुड्या बांधणारी एक बाई बसली होती. आईकडे लक्ष ठेवाल का विचारलं तर म्हणाली, "जावा की. कुटं पळून चालल्यात त्या?" मी पंप प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि रिक्षा पकडली.

नाना पेठ

नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांची एक रीत आहे. ती बाहेरच्याला माहीत नसते आणि कुणी सांगतही नाही. तिथे रांग माणसांची नसते, नमुन्यांची असते. काउंटरवर वर्तमानपत्र अंथरलेलं असतं. आपला जुना, तेलकट पार्ट त्यावर ओळीने ठेवायचा आणि गप्प उभं राहायचं. दुकानदार माणसाकडे बघत नाही, पार्टकडे बघतो. आमच्या वर्ध्याकडे दुकानात शिरलं की आधी पाणी मिळतं, मग गाव विचारतात, मग त्या गावातला त्यांचा कोण ते सांगतात, आणि मग केव्हातरी काय हवं ते. तिथे गिऱ्हाईक हा पाहुणा असतो. इथे तो नमुन्याबरोबर नाइलाजाने आलेला असतो.

मी पुढे घुसून म्हणाले, "अहो काका, जरा घाई आहे. आई अर्धवट उघडलेल्या गाडीत बसली आहे."

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "बाकीचे इथे सहलीला आलेत. नमुना ठेवा."

"माझा नंबर कितवा?"

"तुमचा नाही. नमुन्याचा. तो लागेल."

मी नमुना ठेवला. शेजारी आणखी एक वॉटर पंप होता, जवळजवळ जुळा भाऊच. तो एका तरुणाचा. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, कानात इअरफोन, हातात हेल्मेट, कुठल्याशा मीटिंगमध्ये असल्यासारखा "येस, येस, अग्रीड" म्हणत होता. ओळ पुढे सरकेना. क्लच प्लेट, आरसा, कसलासा वायसर. काका प्रत्येक वेळी माळ्यावर जाऊन, खोका आणून, फुंकर मारून, नव्याजुन्याची कड कडेला लावून बघत. एरवी मी कौतुक केलं असतं. त्या दिवशी मला त्यांच्या हातून खोका हिसकावून घ्यावासा वाटत होता.

शेवटी दोन पंपांचे दोन खोके आले, दोन नमुन्यांसमोर ठेवले गेले. मी जिथे नमुना ठेवला होता तिथला उचलला, खोका उचलला, पैसे टाकले आणि पळाले. पुण्यात रांगेतली जागा हलत नाही, या विश्वासावर मी एवढी वर्षं जगले आहे.

पुन्हा मार्केट यार्ड

परत आले तर आई भाकरी खात होती. जुडीवाल्या बाईने आपल्या फडक्यातली अर्धी भाकरी आणि मिरचीचा ठेचा तिच्या मांडीवर ठेवला होता. इतकी वर्षं पुण्यात राहून आईची एक तक्रार कायम आहे, की इथले लोक भाजीत साखर घालतात. "हे बरं आहे," ती म्हणाली, "यात गोड नाही." रस्त्याकडे तोंड करून सीटवर बसलेली, पायाशी कोथिंबिरीची रास. एक गिऱ्हाईक तिच्यासमोर थांबलं आणि विचारलं, "आजी, जुडी कशी दिली?"

"विकायची नाही," आई म्हणाली. जुडीवाली हसून हसून वाकली. मीही हसले, सकाळपासून पहिल्यांदा.

तेवढ्यात दत्ताने हाक मारली. त्याने खोक्यातला पंप काढून इंजिनाला लावून बघितला होता.

"बाई, हे काय आणलं? भोकं जुळत न्हाईत." मग त्याने पिशवीतला जुना पंप काढून हातात फिरवला. "आन् ह्यो नमुना तुमचा न्हाईच. तुमच्या पंपाला लाल पेष्ट लावल्याली हुती. ह्याला न्हाई."

मला आधी समजलंच नाही. मग त्या तरुणाचं हेल्मेट आठवलं. माझी पाठ होती तेव्हा त्याने ते काउंटरवर ठेवलं होतं, आणि ठेवायला जागा करताना दोन्ही नमुने सरकवले असणार. त्याचा जुना पंप आणि त्याचा नवा पंप मी घेऊन आले होते. माझा कुठल्याशा इंजिनिअरबरोबर हिंजवडीच्या वाटेला लागला असेल.  मी टायरवर बसले. आईने भाकरी खाली ठेवली.

खोक्यावर दुकानाच्या शिक्क्यात फोन नंबर होता. काकांनी उचलला.

"अहो, चुकीचा पंप दिलात तुम्ही."

"पंप बरोबर दिलाय. नमुना दुसऱ्याचा नेलात तुम्ही."

"मग आता? मी मार्केट यार्डात, दत्ता फिटरच्या शेडमध्ये आहे."

"आता काय? तुमचा नमुना घेऊन एक चिरंजीव मघापासून इथे उभे आहेत. माझं डोकं खातायत. यांच्याकडे गाडी आहे, दुचाकी आहे, इअरफोन आहे. नजर नाही. पाठवतो तिकडे." आणि फोन ठेवला. त्या क्षणी मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं.

वाट बघणं हा प्रवासवर्णनातला गाळायचा भाग असतो, पण ते माझ्याच्याने होत नाही. शेडची सावली सरकत आईच्या पायावरून गुडघ्यापर्यंत आली. हमाल पोती वाहत होते, कुणी कुणाशी भावावरून भांडत होतं, दत्ता जुनं पॅकिंग खरवडून काढत होता, आणि मी प्रत्येक मोटरसायकलीला उठून उभी राहत होते. मध्येच मनोजचा फोन आला. "माया, आम्ही निघालोय. तू खडकीला येऊ नकोस, घराला कुलूप लावलंय. स्टेशनवरच ये. पण ये गं. आईने सकाळपासून काही खाल्लं नाही. तू फोन केलास तेव्हापासून ती मला विचारतेय, सुमन येते काय, सुमन येते काय."

मी हे आईला सांगितलं. आई म्हणाली, "खाल्लं नाही? पित्त होईल तिले." मग एकदम रागावून, "मेस्त्री, हात चालव तुझा!"

तो तरुण माझा पंप घेऊन आला. "सॉरी काकू, माय मिस्टेक. बेसिकली दोन्ही सेमच दिसतात ना." मला त्याला खूप काही ऐकवायचं होतं. पण त्याने आईकडे बघितलं, तोंडातल्या तोंडात आणखी एकदा सॉरी म्हणाला आणि दत्ताला बॅटरी धरून उजेड दाखवायला लागला. 

नवा पंप बसला. पुली, पट्टा, पाणी. दत्ताने इंजिन चालू केलं. कण्हणं नाही, किंचाळणं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"आता ऐका," दत्ता म्हणाला. "आत हवा ऱ्हायली आसंल. ती काढत बसायला येळ न्हाई तुमाला. काटा वर गेला तर हीटर लावा, फुल्ल. इंजानाची गरमी आत घ्या तुमी. थांबू नका कुटं."

पुणे स्टेशन

काटा सेव्हन लव्हजच्या चौकात वर गेला. मी हीटर लावला. एप्रिलातली पुण्यातली संध्याकाळ, आणि पायांवर, तोंडावर भट्टीतली हवा. काचा उघड्या, तरी श्वास कोंडला. काटा थांबला, मग जरा खाली आला. आईचा चेहरा लाल झाला होता, इरकल पाठीला चिकटली होती.

"आई, बंद करू का थोडा वेळ?"

"वर्ध्याचा मे महिना पाहिला आहे मी. चालव."

कॅम्पातल्या सिग्नलला काटा पुन्हा चढला. हिरवा झाला, उतरला. स्टेशनच्या दारात शिरले तेव्हा पोलीस शिट्टी वाजवत धावत आला, आणि वळून बाहेर येणाऱ्या सीटवर बसलेली आई बघून शिट्टी तोंडातच ठेवून थांबला. व्हीलचेअरची घडी उघडायला त्यानेच हात लावला. नशिबाने मावशीची गाडी एक नंबरच्या फलाटाला लागली होती, जिना चढायचा नव्हता. मी खुर्ची ढकलत पळत होते, लोकांच्या बॅगांवर, पायांवर. मनोज डब्याच्या दारात उभा राहून हात हलवत होता.

"आई आत बसलीये! आता उतरवता नाही येणार, सुटायची वेळ झालीये!"

डबा एसीचा. खिडकीला जाड, काळी, न उघडणारी काच. मी आईची खुर्ची खिडकीला टेकवली. आतमध्ये एक पांढरं डोकं दिसत होतं, दुसरीकडे बघणारं. आईने उजव्या हाताने काच ठोकली. डोकं वळलं नाही. ती पुन्हा ठोकत राहिली, जोराने. "ताई! ए ताई!" काच काही ऐकू देईना. एवढं करून आणलं आणि मध्ये बोटभर जाडीची काच. मला रडू फुटलं.

मग मावशी वळली. काचेला नाक लावून तिने बाहेर बघितलं आणि तिचे ओठ हलताना दिसले. मनोजने आपला फोन तिच्या कानाला लावला, मी माझा आईच्या. दोघी हाताच्या अंतरावर बसून फोनवर होत्या. मी फोन अर्धवट धरला होता, त्यामुळे मला ऐकू आलं.

"जयभीम, सुमन," मावशी म्हणाली. एवढंच, आणि मग नुसतं रडणं.

आई बोलेना. गाडीला एक हिसका बसला. मी म्हटलं, "आई, बोल काहीतरी, बोल."

"जयभीम," आई म्हणाली. "जेवली काऊन नाही तू?"

गाडी हलली. मी फोन आईच्या हातात दिला आणि खुर्ची ढकलत तिच्याबरोबर चालायला लागले, मग चालणं अपुरं पडलं, मग पळणंही. ते पांढरं डोकं पुढे गेलं. शेवटचा डबा गेला, लाल दिवा गेला, आणि आम्ही फलाटाच्या टोकाला, चहाच्या ठेल्यापाशी उभ्या राहिलो. मी वाकून आईला जवळ घ्यायला गेले, तर तिने मला कोपराने बाजूला सारलं. फोन तिच्या कानालाच होता.

"थांब न ताई, मले बोलू दे. चार बायांच्या समोर तू मले तसं म्हटलं. मी मेली होती काय? ऐकून राहिली होती मी सगळं. नाही, तू रडू नको आता, आधी ऐकून घे..."

तिकडून मावशीचं "हो सुमे, हो सुमे" ऐकू येत होतं. मी विचारलं, आई, घरी निघायचं का, अंधार पडायच्या आत. आईने फोन छातीशी दाबला.

"तू जा, गाडीत पाणी पाह्य. माझं भांडून नाही झालं अजून."